डाव्या बाजूचे ग्रीस

भीमराव रेळेकर यांचे वडील दाजीबानपेठेत कापड मोजून विकत, आजोबाही तेच करत. भीमरावांनी १९६० साली, सतराव्या वर्षी, दुकानाची गादी सोडली आणि एका ट्रक गॅरेजात पाने-पकडी धुण्याचे काम धरले. घरातून निघताना दुकानात नुकताच आलेला, कापड मोजायचा लोखंडी मीटर तेवढा त्यांनी उचलला. पुढे १९७१ साली गोकुळ रस्त्यावर स्वतःची शेड टाकली, तेव्हा तो मीटर भिंतीवर पान्यांच्या रांगेत टांगला गेला.

गिऱ्हाइकांना त्यांच्या दोन गोष्टी माहीत होत्या. मोजमाप घेतल्याशिवाय हा माणूस दोष सांगत नाही, ही एक. आणि खंडेनवमीला ठरलेल्या गिऱ्हाइकांच्या गाड्या तो स्वतः धुतो, स्वतः ग्रीस करतो, ही दुसरी. ग्रीस भरायच्या प्रत्येक निपलला हातपंप लावायचा, जुने काळे ग्रीस बाहेर पडून त्यामागून नवे पिवळे दिसेपर्यंत दाबत राहायचे. कुंकू लावायचे ते त्यानंतर.

१९८३ च्या नोव्हेंबरात, दिवाळी उरकून चार दिवस झाले असताना, चन्नबसप्पांचा निरोप आला. चन्नबसप्पा म्हणजे उणकलला नव्या वसाहतीच्या गटाराचे काम करणारे कंत्राटदार. त्यांचे ट्रक पहिल्यापासून भीमरावांकडेच येत. त्या वर्षी त्यांनी चाकांऐवजी लोखंडी चेनवर चालणारे खोदाईचे यंत्र घेतले होते. त्याची डाव्या बाजूची चेन आठवड्यात दोनदा उतरली होती. ड्रायव्हर गोपाळ रोज सकाळी ग्रीसचा पंप मारून ती ताणून घेई आणि दुपारपर्यंत ती पुन्हा लोंबू लागे.

"बघायचंय काय त्यात, भीमण्णा?" भीमराव उणकलला पोचताच चन्नबसप्पा म्हणाले. "हा गडी जागच्या जागी गर्रकन डावीकडं वळवतो. ओढून ओढून चेन लांब केली यानं. शनिवारी दावणगेरेहून दुसरा ड्रायव्हर येतोय. तू फक्त हौदु, हो म्हण, म्हणजे याला घरी पाठवतो."

"गर्रकन म्हणे!" गोपाळ यंत्राच्या सावलीतून बोलला. "मी काय टांगा हाकतोय?"

"टांगा असता तर घोड्यानं तरी येऊन तक्रार केली असती," चन्नबसप्पा म्हणाले.

"अण्णा, मोजल्याशिवाय माझ्याकडं हौदु नाही आणि इल्लाही नाही," भीमराव म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून मीटर काढला.

तो मंगळवार होता. पहिले दोन तास चिखल काढण्यात गेले. परतीच्या पावसात भरलेली काळी माती रोलरांच्या मध्ये वाळून दगड झाली होती. ती पहारीने फोडावी लागली. मग गोपाळने बकेट जमिनीत रोवून डावी बाजू उचलून धरली, आणि खाली लाकडाचे ठोकळे लावल्यावर भीमराव वाकले. पाच कड्यांची लांबी त्यांनी पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत मोजली. तेच माप उजव्या बाजूला घेतले. फरक जेमतेम एक मिलिमीटर निघाला. दात्यांच्या चाकाची झीजही दोन्हीकडे सारखीच होती.

"चेन लांब झालेली नाही," ते म्हणाले.

आता राहिला चेन ताणणारा सिलिंडर. त्यात ग्रीस भरले की ते पुढच्या चाकाला पुढे रेटते आणि चेन ताठ होते. भीमरावांनी पंप मारून चेन ताठ केली, एक डबा पालथा घातला आणि त्यावर बसले. वीस मिनिटांत चेन चार बोटे खाली आली.

"मशीन जागचं हललं नाही," गोपाळ म्हणाला. "आता कोण वळवत होतं?"

चन्नबसप्पा उठून फाट्यावर चहाला गेले.

बुधवारी भीमरावांनी बाजूला उभे राहून सिलिंडरचा वॉल्व्ह एकच फेरा सैल केला. दाबलेले ग्रीस जाड दोरीसारखे बाहेर आले. चेनची जोडपिन घणाने ठोकून काढली आणि दुपारपर्यंत सिलिंडर मोकळा झाला. आतली, ग्रीस अडवून धरणारी सील हातात आली, ती एका बाजूला उलटी वळून फाटलेली होती. झिजलेली सील सगळीकडून सारखीच झिजते. ही दाबाने गेली होती.

दाब कोणी दिला? गोपाळचा रोजचा पंप चेन सैल पडल्यानंतरचा. त्याच्या आधी या निपलला पंप लागला होता तो खंडेनवमीला, आणि तो लावणारे स्वतः भीमराव होते. जुने ग्रीस बाहेर येण्याची त्यांनी वाट पाहिली होती. ट्रकच्या पिनेतून ते येते. या सिलिंडरातून यायला वाटच नसते. चाळीस-पन्नास दाब दिले तरी काळे ग्रीस दिसेना. चेन मात्र तारेसारखी ताठ झाली, आणि सणाच्या दिवशी ती छान दिसते असे त्यांना वाटले होते. उजव्या बाजूला जाईपर्यंत आरतीची हाक आली, म्हणून तिकडे चारच दाब मिळाले. त्यानंतर तीन आठवडे यंत्र ओल्या मातीत चालले. मातीने ताठ चेन आणखी ताणली आणि सगळा दाब सीलवर आला.

हे दुसऱ्या कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. पण सील फाटली एवढेच सांगितले असते, तर रोज पंप मारणारा गोपाळच पुन्हा त्यात सापडला असता.

रबरी सील बेंगळुरूहून यायला आठ-दहा दिवस लागणार होते. शनिवार त्याच्या आधी होता. भीमराव सायकलने अमरगोळला, कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसमध्ये गेले. तिथल्या मोठ्या दट्ट्याला चामड्याची वाटी बसवतात. तसली एक जुनी वाटी मागून आणली, मापाने कापली आणि तेलात भिजत घातली. गुरुवारी ती बसवली. या वेळी चेनवर मीटर आडवा धरून मधला झोल बघत त्यांनी अकरा दाब दिले आणि थांबले. तासाभराने झोल तेवढाच होता.

"एन आय्तु, काय झालं?" चन्नबसप्पांनी येताच विचारले.

"सील दाबानं फाटली. दाब माझा. खंडेनवमीचा."

चन्नबसप्पा हसले. "पूजेनं मशीन मोडतं होय रे?"

"पूजेनं नाही, माझ्या पंपानं. ट्रकसारखंच असेल म्हणून भरत गेलो."

हसू थांबले. "हे मला सांगायलाच पाहिजे होतं?"

"नाही सांगितलं तर शनिवारी दावणगेरेचा माणूस येतोय."

चन्नबसप्पांनी चेनला पायाने ढकलून पाहिले. "त्याला नको म्हणून कळवतो. पण यापुढं माझ्या गाड्यांना हात लावायचा नाही तू. ट्रकलाही नाही."

"बरं."

"गोपाळ, चढ वर."

गोपाळ चढला नाही. "आठवडाभर शिव्या मी खाल्ल्या, भीमण्णा. तिकडं गटारावर बायामाणसं मला बघून हसतात. इथं तिघांत सांगून माझं काय होतंय? तिकडं सांगा."

गटाराच्या कडेला तीसेक मजूर भाकरीची फडकी सोडून बसले होते. भीमरावांनी हात पुसले, तिथवर चालत गेले आणि कन्नडमध्ये सांगितले की चेन गोपाळने बिघडवली नाही, आपण बिघडवली.

"मग नीट कुणी केली?" एका बाईने विचारले.

"मीच."

सगळे हसले. गोपाळ हसला नाही. तो यंत्रावर चढला आणि त्याने इंजिन सुरू केले.

चामड्याची वाटी नऊ दिवस टिकली. दहाव्या दिवशी रबरी सील आली आणि ती दुसऱ्या मेकॅनिकने बसवली. चन्नबसप्पांचे ट्रक गोकुळ रस्त्यावरच्या शेडमध्ये पुन्हा आले नाहीत. गोपाळ त्या यंत्रावर आणखी सहा वर्षे होता.