रिक्षातली ओळख

धर्मेशला अंबरनाथ एमआयडीसीत नोकरी लागली आणि काशीला खाडीकाठचं गाव सोडून त्याच्या फ्लॅटवर यावं लागलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. पोरगा जाईल तिथं जायचं. गावात ओट्यावर बसलं की येणारा-जाणारा हाक मारायचा. इथं समोरच्या दाराला नुसतं कुलूप. मजल्यावरच्या बायका लिफ्टमध्येसुद्धा मोबाईलमध्ये बघायच्या.

भाजीच्या निमित्तानं ती उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पातल्या बाजारात जायला लागली. शेअर रिक्षात खांद्याला खांदा लागतो. काशीला तेवढंच बरं वाटायचं.

"कंच्या गावची गो तू बाय?" एकदा तिनं शेजारच्या पोरीला विचारलं.

"जालन्याची, मावशी." ती अस्मिता. जीन्सच्या कारखान्यात धागे कापायची. मग रोज तिच्याच वेळेला काशी स्टँडवर उभी राहू लागली. गावचा खारा वारा, धर्मेशचं लग्न न जमणं, गुडघे, सगळं तिला सांगून झालं. तिच्यासाठी जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी नेली. अस्मितानं बोटं चाटत खाल्ली. काशी त्या दिवशी घरी हसतच आली.

एका सकाळी काशी रिक्षात बसली होती. एका सीटसाठी रिक्षा खोळंबलेली. रस्त्यापलीकडून अस्मिता येताना दिसली. तिनं काशीला पाहिलं, थबकली आणि केळ्यांच्या गाडीआड गेली.

"ओ ताई, चला, एकच सीट!" रिक्षावाला ओरडला. अस्मितानं गाडीआडूनच नकाराची मान हलवली. काशीनं पदर सारखा केला आणि समोर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी काशी मुद्दाम उशिरा गेली. पोरीला लपायला नको. पण अस्मितालाही उशीर झालेला. दोघी एकाच रिक्षात आल्या.

"मावशी, रागावू नका," अस्मिता खाली बघत म्हणाली. "कारखान्यात दिवसभर कलकल, घरी सासूची किरकिर. एवढाच टाइम माझा असतो. रिक्षात मला गप्प बसायचं असतं, बस."

"राग कसला गो? तुजा काय चुकला?"

खांदा खांद्याला लागतच होता. काशी कॅम्पाच्या अलीकडेच उतरली.

त्यानंतर ती गेली नाही. "आई, बाजाराला नाही जात हल्ली?" धर्मेशनं विचारलं.

"भाजी हाय घरान," ती म्हणाली. बूट चढवून तो शिफ्टला गेला.

दुपारी रखमाचा फोन आला. गावातली तिची शेजारीण. आता तीही लेकीकडे पनवेलला असते.

"तिकडं कोण मैतरीण भेटली का नाय गो?"

"हाय ना एक," काशी म्हणाली. "कॅम्पान कामाला जाते. लय बोलते."

"बरा झाला बाय. मना तर इथं कोणच नाय," रखमा म्हणाली. काशीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. तिनं विचारलं, "जेवलीस का?"