नारळ फुटण्याआधी

हिरामण ठोंबरे तोंडात प्रश्न घेऊनच जन्माला आला, असं त्याची बायको चंद्राबाई म्हणते, आणि ती हे कौतुकाने म्हणत नाही. शिळफाट्यावर वांगी आणायला पाठवावं, तर वांगी कुठल्या गावची, काल तोडली की परवा, पाणी कुठलं घातलं, एवढं सगळं विचारून गडी शेवटी भेंडी घेऊन घरी येणार. एसटी वाटेत बंद पडली की बाकीचे प्रवासी खिडकीतून बघत बसतात, हा खाली उतरून ड्रायव्हरच्या डोक्याशी जाऊन उभा राहतो. स्वतःच्या लग्नाच्या बोलणीत त्याने होणाऱ्या सासऱ्याला विचारलं होतं, "तुमी पोरीला इचारलाव का?" सासरा कितीतरी दिवस फणफणत होता. चंद्राबाई आतून ऐकत होती आणि तिला तो प्रश्न फार आवडला होता, पण हे तिने आजवर त्याला कळू दिलेलं नाही.

खोपोलीच्या एका कारखान्यात त्याने भट्टीसमोर उमेदीची वर्षं घालवली. तिथे तो साहेबांना विचारायचा तसाच युनियनच्या पुढाऱ्यांनाही विचारायचा, त्यामुळे दोन्हीकडच्यांना तो सारखाच नकोसा होता. निरोपाच्या दिवशी दोन्हीकडची माणसं मनापासून हसताना दिसली. मग तो घरी आला, वडिलांच्या भातशेतीत उतरला आणि गावाच्या कामाला लागला.

गावाला त्याची गरज होती. पिंपळोशीत एक जुनी चाल आहे. ग्रामदेव बहिरीच्या देवळापुढच्या ओट्यावर गाव कशासाठीही जमलं, हिशेबासाठी, पालखीसाठी, कुणाच्या भांडणासाठी, तर उठण्याआधी गावकीचा पुढारी मोठ्याने पुकारतो, "कोनाला काय इचारायचा हाय का?" आणि कुणीतरी उठून काहीतरी विचारल्याशिवाय नारळ फोडायचा नाही. न विचारता फोडलेला नारळ बहिरीला चालत नाही म्हणतात. ही चाल का पडली ते कुणालाच ठाऊक नाही, पण ज्याने पाडली तो शहाणा असला पाहिजे. विचारायचं काम पूर्वी हिरामणचा बाप पोशा करायचा. त्याच्यामागे ते हिरामणकडे आलं आणि हिरामणने ते नुसतं निभावलं नाही, गाजवलं. रस्त्याचा कंत्राटदार, बिलं वाढवून आणणारा विजेचा माणूस, जमिनी मागत फिरणारे दलाल, सगळ्यांसमोर गावाने त्याला पुढे केलं. "हिरामनला उठव रं," म्हणायचं आणि आपण आरामात मागे बसायचं, ही पिंपळोशीची पद्धतच होऊन गेली.

आणि अशा माणसाला याच गावाने देशद्रोही ठरवलं. कसं, तेही सांगितलं पाहिजे.

दोन हजार पंचवीसचा उन्हाळा होता. काश्मीरात फिरायला गेलेल्या माणसांना गोळ्या घातल्या गेल्या, त्यावरून लढाई पेटली आणि चार दिवसांत थांबलीही. ते चार दिवस हिरामणने मोबाइल हातातून खाली ठेवला नव्हता. शेजारच्या सोनुबाईचा संतोष फौजेत, तिकडेच कुठेतरी होता, आणि त्याचा फोन लागत नव्हता. त्या पोराला पोहायला हिरामणनेच शिकवलं होतं, गावच्या ओढ्यावर. लढाई थांबली, संतोषचा फोन आला, तेव्हा हा सोनुबाईच्या पडवीत बसून पोरासारखा रडला. हे गावाने बघितलं होतं. पुढे ते कुणाला आठवलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मग गावात तिरंगा यात्रा निघाली. शाळेपासून देवळापर्यंत झेंडे, डीजे, घोषणा. तालुक्याहून एक पुढारी आला होता. त्याने ओट्यावर उभं राहून आपल्या नेत्यांनी शत्रूला कसं लोळवलं ते असं सांगितलं, की जणू हा स्वतः बंदूक घेऊन गेला होता. टाळ्या झाल्या. गावकीचा पुढारी दत्ता याने नारळ हातात घेतला आणि आयुष्यभराच्या सवयीने पुकारलं, "कोनाला काय इचारायचा हाय का?"

त्याचं त्यालाही कळलं नाही. तोंडातून बाहेर पडून गेलं. आणि तितक्याच सवयीने सगळं गाव हिरामणकडे वळलं.

हिरामण उठला. नाही उठला तर नारळ फुटायचा कसा? शिवाय त्याच्या पोटात प्रश्न होताच, लढाई थांबल्यापासून तोच तर खात होता त्याला. त्याने टोपी नीट केली आणि तालुक्याच्या पुढाऱ्याला सरळ विचारलं, "साहेब, जवानांनी त्यांचा काम केला, त्यांना माजा दंडवत. माजा इचारना वरच्यांना हाय. ती मानसा फिराया गेली तवा तिकडं पहारा का नव्हता? लढाईत आपले किती गेले, ते आमाला कोन सांगनार? आनि जे मिळवाया गेलो ते मिळाला का? मिळाला नसंल तं थांबलो का, आनि मिळाला असंल तं काय मिळाला, येवढा सांगा."

डीजेवाल्याने आवाज वाढवायला हात नेला आणि तसाच ठेवला. पुढाऱ्याचं हसू ओठांवरच वाळलं. तो म्हणाला, "काका, ही वेळ असले प्रश्न विचारायची नाही. अशाने शत्रूला बळ मिळतं." हिरामणने आपलं विचारलं, "मंग येळ कदी?" त्यावर मागून कुणीतरी ओरडलं, "देशद्रोही हाय हा." बाकीच्यांनी ते उचललं. दत्ताने घाईघाईने नारळ आपटला. कुणीतरी हे सगळं मोबाइलवर धरलं होतं, ते संध्याकाळपर्यंत कर्जतपासून खालापूरपर्यंत फिरलं.

चार दिवसांनी गावकी बसली. दत्ता काही वाईट माणूस नाही. हिरामणचा तो बालपणापासूनचा सोबती, आणि त्याला मनापासून वाटत होतं की हिरामण चुकला. तो म्हणाला, "घरात भांडान असला तरी दारात पावना आला का आपून गप बसतो का नाय? तशातला हाय ह्या. देवापुडं नारळ ठेव, चुकला म्हन, इषय संपला."

"ठेवतो," हिरामण म्हणाला. "पन काय चुकला ते सांग. खोटा बोललो? जवानांना वंगाळ बोललो?"

"तुजा कोन हाय रं सीमेवर?" एकाने विचारलं. "ज्याचा कोन नाय तेनं कशाला बोलायचा?"

आता हिरामणने सोनुबाईकडे बघितलं. ती बायकांत बसली होती, आणि तिने पदर डोळ्यांवर ओढून घेतला. हिरामणने नारळ ठेवला नाही. गावकीने विचारायचं काम त्याच्याकडून काढून ओमकार नावाच्या तरण्याला दिलं. ओमकार पुढच्या बैठकीत उठला आणि बहिरीच्या दिव्याला तेल पुरतं का, असं विचारून खाली बसला. पुरतं, असं उत्तर मिळालं. नारळ फुटला.

गावकी बसली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सोनुबाई मागच्या दाराने चंद्राबाईच्या चुलीपाशी आली होती, आणि हिरामण तिथेच बसला होता. "हिरूभाव, तू इचारलास ते माज्याच मनातला व्हता," ती म्हणाली. "माजा संतोष बोलत नाय काय, पन त्याच्या संगतीचा येक पोरगा गेला. कशापायी गेला ते कळाया नको? पन मी बोलले तं म्हनतील, जवानाची आय आसून पोराचा धीर खचवते. संतोषला पन तरास."

हिरामण भडकला. "म्हंजे ज्याचा कोन नाय त्याला हक्क नाय, आनि जिचा हाय तिनं बोलायचा नाय. मंग इचारायचा कोनी गं? बहिरीनं?"

सोनुबाईने चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि आली तशी मागच्या दाराने गेली. चंद्राबाई नवऱ्यावरच चिडली, की आपल्या बाजूने बोलणाऱ्या एकटीलाही तू असा टोचून पाठवतोस. त्या रागातही तिने त्याच्या ताटात जास्तीची भाकरी वाढली.

वर्ष सरलं. दत्ता रस्त्यात भेटला की हसायचा, पण थांबायचा नाही. हिरामणला सगळ्यात जास्त जाचायचं ते हे, की गाव त्याच्याशी भांडतही नव्हतं. आणि मग ओढ्याचा विषय आला. ओढ्याच्या वरच्या अंगाला बाहेरच्या एका कंपनीला रसायनांचं गोदाम बांधायचं होतं. गावची विहीर त्याच ओढ्याच्या झऱ्यावर, भातशेतीला पाणी तेच. त्याची सरकारी सुनावणी शाळेच्या पटांगणात ठेवली. त्या दिवशी गावाची खरी परीक्षा होती, आणि गावाला ते ठाऊक होतं. पाणी एकदा नासलं की पिंपळोशीने जायचं कुठे?

अधिकाऱ्याने प्रकल्पाची माहिती वाचून दाखवली. कंपनीचा माणूस विकासावर बोलला. मग अधिकारी म्हणाला, "कोणाला काही विचारायचंय?"

ओमकार खुर्चीत आणखी खाली सरकला. दिव्याच्या तेलाचा इथे उपयोग नव्हता. आणि वर्षभर ज्याच्याशी कुणी धड बोललं नव्हतं त्या हिरामणकडे गावाच्या माना वळल्या, जशा पूर्वी वळायच्या अगदी तशा. हिरामणला राग आला. इतका आला की उठून सरळ घरी जावं आणि यांना बसू द्यावं माना वळवत. पण ओढा काही दत्ताच्या बापाचा नव्हता. तो उठला आणि त्याने विचारलं, "पावसात गोदामाचा पानी कुटं जानार?"

कंपनीचा माणूस अधिकाऱ्याकडे वळला. हसत, अगदी नम्रपणे म्हणाला, "साहेब, या गृहस्थांचा व्हिडिओ आम्ही पाहिलाय. लढाईच्या वेळी देशावर संशय घेणारे हेच. यांचं गावच यांना देशद्रोही म्हणतं. प्रकल्प देशाच्या कामाचा आहे. विरोध कुठून येतोय हे आपणच ध्यानात घ्यावं."

अधिकारी म्हणाला, "आपण बसा काका. दुसरं कोणी?"

हिरामणने दत्ताकडे बघितलं. दत्ताला आता फक्त एवढं म्हणायचं होतं की हा आमचा माणूस आहे, हा गावातर्फे विचारतोय. दत्ता पायाखालची माती चपलेने सारखी करत होता. वर्षापूर्वी फेकलेला शब्द फिरून गावाच्याच विहिरीत पडला होता, आणि तो काढायला कुणाचा हात पुढे येत नव्हता. "दुसरं कोणीच नाही का?" अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं आणि कागद आवरायला घेतले.

तेव्हा सोनुबाई उठली. पदर खांद्यावर होता, डोळ्यांवर नाही.

"त्याला इचारू द्या," ती म्हणाली.

"आपण कोण?"

"माजा पोरगा फौजेत हाय."

अधिकाऱ्याने कागद खाली ठेवले. कंपनीचा माणूस खुर्चीत सावरून बसला. अधिकारी एकदम मऊ आवाजात म्हणाला, "असं होय. ताई, बसा, बसा. काका, विचारा तुम्ही."

हिरामणने विचारलं. पाणी कुठे जाणार, टाकी फुटली तर कोण येणार, विहिरीचं पाणी कोण तपासणार, सगळं एकामागून एक विचारलं. कंपनीच्या माणसाला धड उत्तर देता येईना, आणि अधिकाऱ्याने ओढ्याची पाहणी झाल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असं सांगितलं. गावाने टाळ्या वाजवल्या. ज्या तोंडांनी त्याला देशद्रोही म्हटलं होतं त्यांनी शिट्ट्याही मारल्या. हिरामणच्या तोंडाची चव मात्र पार गेली होती. विहिरीच्या पाण्याबद्दल विचारायलासुद्धा घरातला नाहीतर शेजारचा जवान जामीन द्यावा लागला, हे त्याला गिळवत नव्हतं. संतोष सीमेवर उभा होता तो कशासाठी, हाही प्रश्न त्याच्या मनात आला, पण तो विचारायला समोर कुणी नव्हतं.

परतताना दत्ता वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या बरोबरीने चालू लागला. थोडं अंतर गेल्यावर म्हणाला, "झाला ते बरा झाला, हिरामन. सोनुबाय व्हती म्हनून निभावला."

"आनि ती नसती तं?" हिरामणने विचारलं.

देवळापर्यंतची वाट बरीच लांब आहे. दत्ता ती सगळी वाट त्याच्याशेजारून चालत गेला, आणि देवळाशी आल्यावर ओट्याकडे न बघता आपल्या घराकडे वळला.