वरच्या काकांच्या सतरा सूचना

पाण्यात पायाचा अंगठाही न बुडवता वॉटर पार्कवर अधिकारवाणीने बोलणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये एकच आहे आणि तो आमच्या डोक्यावर राहतो. म्हणजे रहाटणीच्या आमच्या सोसायटीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि तो चौथ्या. आमच्या घरात त्यांना 'वरचे काका' म्हणतात. आधी भोसरीत आणि मग चाकणला, अशी सगळी नोकरी त्यांनी कंपनीच्या तपासणी खात्यात काढली. दुसऱ्यांनी केलेल्या मालातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा! निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, काकूही गेल्या, तेव्हा त्यांनी सोसायटी तपासायला घेतली. लिफ्टचं दार, टाकीचं झाकण, वॉचमनची शिट्टी, काही म्हणून सुटलं नाही. अशात चाकणच्या रस्त्याला मोठ्या छताखाली एक वॉटर पार्क उघडला आणि काकांना हक्काचं काम मिळालं.

तीन वेळा ते तिथे गेले आणि तिन्ही वेळा तिकीट खिडकीवरूनच परत आले. पाणी किती गरम असतं, लॉकर किती, घसरगुंडीच्या पायऱ्यांना रबर आहे का, असं विचारून विचारून त्यांनी खिडकीतल्या बाईंना जेरीला आणलं. मग कुटुंबासह सहलीला जाणाऱ्यांसाठी सतरा सूचना लिहून काढल्या आणि लिफ्टमध्ये आरशाशेजारी चिकटवल्या. सुती कपडे पाण्यात चालत नाहीत, नायलॉनचेच आणा. डबा आत नेऊ देत नाहीत, म्हणून निघताना पोटभर पोहे खा, पण पाण्यात उतरण्याआधी तासभर मध्ये जाऊ द्या. माणशी एक टॉवेल, तोही वेगळ्या रंगाचा. छताखाली ऊन नसतं, बाहेर आल्यावर पोरं कुडकुडतात, तेव्हा स्वेटर विसरू नका. आत गेल्यावर पहिल्यांदा असेंब्ली पॉइंट ठरवा, म्हणजे कंपनीत आगीचा भोंगा झाला की सगळे जमतात तशी जागा. कोणी हरवलं तर तिथे येऊन थांबेल.

सूचना क्रमांक सहा होती, लॉकरचा नंबर बॉलपेनने मनगटावर लिहा. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी ती हसण्यावारी नेली. किल्ली पाण्यात गेली, नंबर आठवेना, आणि हे महाशय भाड्याच्या फुलाफुलांच्या चड्डीत, बायकोची ओढणी खांद्यावर घेऊन सोसायटीच्या फाटकातून आत आले. आम्ही सगळे पोट धरून हसत होतो. काका हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "सहा नंबर वाचला नव्हता ना?"

आमची सई दुसरीत आहे आणि तिला कोणाचा मुलाहिजा नाही. एकदा लिफ्टमध्येच तिने विचारलं, "काका, तुम्ही किती वेळा घसरलात?"

"मी? मी नातू आल्यावर घसरणार," काका म्हणाले. "आधी सगळं चेक करून ठेवतोय. त्याला काही लागायला नको."

नातू बेंगळुरूला, मुलगा-सुनेबरोबर. सहा वर्षांचा. तोवर दोन वर्षांत आलेला नव्हता. त्याच्यासाठी काकांनी चार रंगांचे चार टॉवेल घेऊन ठेवले होते आणि पोहण्याचा एक छोटा चष्मा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या सतरा सूचना आमच्यासाठी नव्हत्याच. आम्ही नुसती ट्रायल होतो.

काकांची आणखी एक तऱ्हा सांगायलाच हवी. इतकी वर्षं घरी बसूनसुद्धा ते गुरुवारची सुट्टी घेतात. आमच्या पट्ट्यात कंपन्या गुरुवारी बंद. मीही चाकणलाच असल्यामुळे मला ते नवीन नाही, पण निवृत्त माणूस सुट्टी कशातून घेतो? गुरुवारी काका दाढी करत नाहीत, दुसरा चहा गॅलरीत घेतात आणि कोणी सूचना विचारली तर "आज सुट्टी" म्हणून दार लावतात. पार्कला जायलाही त्यांच्या मते गुरुवारच उत्तम. "रविवारी पाण्यापेक्षा माणसं जास्त. गुरुवारी बघा, कंपनीवाल्यांना सुट्टी पण पोरांना शाळा. एकटा बाप्या कशाला जाईल पाण्यात? सगळं रिकामं!" म्हणूनच सूचना क्रमांक एक होती, रविवारी जायचं नाही.

गेल्या महिन्यात मुलगा नातवाला घेऊन आला. शुक्रवारी संध्याकाळी येऊन रविवारी रात्रीच्या गाडीने परत; शनिवार नातेवाइकांच्या भेटीगाठींत गेला. काकांनी सतरा सूचना त्याला आधीच मोबाइलवर पाठवल्या होत्या. रविवारी सकाळी मी पेपर द्यायला वर गेलो, तर काका नवी नायलॉनची पँट घालून, पिशवी भरून सोफ्यावर बसलेले. मुलगा सहज म्हणाला, "बाबा, रविवारी कशाला? तुम्हीच लिहिलंय ना, एक नंबरला. घरीच बसू निवांत." त्यात त्याची काही चूक नव्हती. आयुष्यभर वडिलांचं ऐकलेला मुलगा, याही वेळी ऐकलंन. काका म्हणाले, "बरोबर आहे. लिहिलंय खरं." आणि पिशवी आत ठेवून आले. नातू दिवसभर मोबाइल खेळला. त्या दिवशी मला काकांकडे बघवेना.

पुढच्या गुरुवारी सकाळी सात वाजता बेल वाजली. दारात काका, चक्क दाढी केलेले, हातात तीच पिशवी.

"आज तुम्हाला सुट्टी ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि सईला?"

"तिची शाळा आहे, काका."

ते म्हणाले, "आमच्याकडेही असंच होतं. मला गुरुवार, त्याला रविवार. दहावीपर्यंत एकदाही त्याची शाळा बुडू दिली नाही मी. हजेरीची बक्षिसं आहेत त्याची, अजून कपाटात." आणि एकदम, "एक दिवस बुडवता का हो हिची?"

आमची ही आतून ऐकत होती. शाळेच्या बाबतीत ती फार कडक आहे. ती बाहेर आली, सईच्या खांद्यावरचं दप्तर काढलं आणि म्हणाली, "काका, मी पोहे टाकते."

पार्क खरोखर रिकामा होता. सईने नातवाचा चष्मा लावला आणि काकांचा हात धरून त्यांना थेट उंच घसरगुंडीच्या पायऱ्यांवर नेलं. पोह्यांना तास झाला नव्हता, असेंब्ली पॉइंट ठरला नव्हता, मनगटावर नंबर नव्हता. वरून काका एवढ्या जोरात ओरडले की खालचा गार्ड धावत आला. "काय झालं, काका? लागलं का कुठं?" काका पाण्यातून वर आले, नाकातोंडात पाणी गेलेलं, डोळे लाल. "न्हाई, काय नाय झालं," असं त्याच्याच बोलीत सांगून ते पुन्हा पायऱ्यांकडे निघाले. पाच वेळा घसरले. परत येताना गाडीत सई त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती आणि पाय अवघडला तरी ते हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नवा कागद लागला. सोळा सूचना होत्या तशाच. पहिली मात्र बदलली होती: 'वार बघू नये. पोरं असतील त्या दिवशी जावं.'

परवा, गुरुवारी, काका गॅलरीत दुसरा चहा घेत बसलेले दिसले. मी खालूनच विचारलं, "काका, नवी यादी मुलाला पाठवली का?"

"पाठवली की. त्याच दिवशी."

"मग, काय म्हणाला?"

काकांनी मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. "निळ्या खुणा आल्यात. वाचली आहे त्याने," ते म्हणाले. "कामात असेल हो. गुरुवारी सगळ्यांना थोडीच सुट्टी असते."