तेवढ्याच वजनाचा ठोकळा

पडद्यावर रॉकेट झेपावलं आणि माझ्या सहकारी मेधानं सवयीनं टाळ्या वाजवल्या. आमचा छोटा उपग्रह मात्र तिच्या टेबलावरच होता. शेवटच्या चाचणीत तो अडकला आणि मुदत हुकली. शेअर रिक्षावाला एका सीटसाठी ताटकळतो. अनेक कंपन्यांचे उपग्रह नेणारं हे रॉकेट कोणासाठी थांबत नाही. तोल जाऊ नये म्हणून रॉकेटवाल्यांनी आमच्या जागी तेवढ्याच वजनाचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा बसवला.

"रॉकेटचं काही अडलं नाही," मी म्हणालो.

"कशाला अडेल? त्यांना वजनच हवं होतं."

कुठेतरी आपली जागा राखलेली आहे, असं माणूस जन्मभर मानतो. राखलेली असतेही, फक्त वजनापुरती.

मेधानं उपग्रह खोक्यात ठेवला. मी तो उचलून पाहिला. ठोकळ्याएवढाच जड होता.