धुळाआबांची घोंगडी

१ सप्टेंबर २०२४ रोजी मी वडूजहून दोन हजार सहाशे रुपयांची एक घोंगडी आणली. ती शेजारच्या धुळाआबांसाठी होती.

आबांचा उभा जन्म वडूजकडच्या माळावर मेंढरांमागे गेला. गुडघे थकल्यावर कळप विकून ते मलकापुरात मुलाकडे, तानाजीकडे आले. येताना एक काळी घोंगडी तेवढी आणली. लोकर स्वतःच्या मेंढरांची, सूत त्यांच्या बायकोने, अंबूबाईंनी कातलेले. कळप विकला त्याच वर्षी अंबूबाई गेल्या होत्या. आबा त्या घोंगडीवरच बसत आणि तीच पांघरून निजत.

ऑगस्टमध्ये त्यांच्या परसातल्या शेवग्याच्या बुंध्यावर केसाळ सुरवंटांचा थर बसला. तानाजीने पलिता लावून ते जाळले. जळताना उडालेले केस भिंतीवर वाळत घातलेल्या घोंगडीत शिरले. काळ्या लोकरीत ते दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आबांच्या पाठीवर गांधी उठल्या.

"आवं आबा, काय झालं हे?" सून पल्लवीने विचारले.

"डास चावलं असतील."

"डास काय काठीनं मारत्यात व्हय?"

आबा हसले, आणि विषय तिथेच संपला.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांची चार वर्षांची नात, राजनंदिनी, नेहमीसारखी त्या घोंगडीवर झोपली. उठली तेव्हा तोंड सुजले होते, एक डोळा मिटला होता. तानाजी आणि पल्लवी तिला घेऊन दवाखान्यात धावले. आबा माझ्या दाराशी आले.

"आण्णा, कुदळ द्या जरा."

मी कुदळ घेऊन मागे गेलो. काठीवर घोंगडी धरून आबा परसाच्या टोकाला उभे होते.

"आबा, धुऊन बघू की."

"दोनदा धुतली. जाळावी, तर परत केस उडत्याली." माझ्या हातातली कुदळ घेत म्हणाले, "पयल्या रातीच कळलं हुतं मला. सांगितलं असतं तर पोरांनी टाकून दिली असती. वाटलं, माझ्या एकट्याच्या अंगावर भागंल."

खड्डा त्यांनी स्वतः खणला. मला हात लावू दिला नाही. माती ओढून झाल्यावर बराच वेळ तिथेच बसून राहिले.

पोर तीन दिवसांत बरी झाली. नवी घोंगडी आबांनी फुकट घेतली नाही. दर महिन्याला दोनशे रुपये आणून देतात. नात निजायला आली की आधी आपला उघडा दंड सगळ्या घोंगडीवर घासतात, थोडा वेळ वाट बघतात, मगच तिला निजू देतात.

सहाशे रुपये अजून येणे आहेत.