दिवसातून तीनदा क्लोरीन

चाळीस वर्षं मी औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलो. एवढ्या वर्षांत माझ्या हातून एकालाही जास्तीचा डोस गेला नाही, याचा मला फार अभिमान. कुणी खोकत आलं की मी म्हणायचो, "आधी अर्धी गोळी घेऊन बघा." बऱ्याच जणांचा खोकला तसाच राहिला, पण दगावलं कुणी नाही. घरातही माझं तेच. पंखा दोनवर, साखर अर्धा चमचा. बायको म्हणते, लग्नाला होकारसुद्धा मी दोन हप्त्यांत दिला. ते खरं आहे. आधी "विचार करतो" म्हणालो आणि महिन्याभराने "चालेल".

निवृत्तीनंतर घेतलेल्या घरामागे आधीच्या मालकाने हौसेने बांधलेला स्विमिंग पूल होता. मला पोहता येत नाही, तिलाही नाही. झाडाची पानं पडायला त्याचा उपयोग व्हायचा. मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जखम भरली तशा फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, "आता रोज अर्धा तास कमरेइतक्या पाण्यात चालायचं. गुडघा आत्ताच वाकता केला पाहिजे. एकदा आखडला की मग वाकत नाही." मी छाती फुगवून सांगितलं, "आमच्याकडे घरचा पूल आहे."

घरच्या पुलाचा तळ तेव्हा दिसत नव्हता. पाणी हिरवंगार, भिंतींवर शेवाळ्याचा थर, आणि पायऱ्या अशा बुळबुळीत की धडधाकट माणूसही आडवा झाला असता. मी पुलाचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. तिथली बाई तोंडाने फटकळ होती. क्लोरीन पावडरचा डबा पुढ्यात आदळून म्हणाली, "सगळी एकाच दिवशी घाला. ऊन उतरल्यावर. बादलीत आधी पाणी घ्यायचं, मग त्यात पावडर थोडी थोडी मिसळायची, उलटं करायचं नाही. भिंती घासून काढा आणि फिल्टर सकाळपर्यंत बंद करू नका."

मी मनातल्या मनात हसलो. विकणारा माणूस नेहमी जास्तच सांगतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. अख्खा डबा एका दिवसात? घरी येऊन मी तक्ता आखला. सकाळी दोन मापं, दुपारी दोन, संध्याकाळी दोन. वेळासुद्धा जेवणाच्या धरल्या. बायको मागच्या दारात खुर्चीवर पाय लांब करून बसली होती. तिने तक्ता वाचला आणि विचारलं, "अहो, पाण्याला पथ्य काही सांगितलंय का?"

शेवाळ्याला माझं औषध मानवलं. सकाळी पाणी जरा फिकं दिसायचं, मी हुरळून जायचो, आणि संध्याकाळपर्यंत ते पुन्हा पहिल्यासारखं. दुपारचा डोस तर ऊनच खाऊन टाकत असे, हे मला मागाहून कळलं. फिल्टर मी दिवसातून दोनच तास चालवायचो, मोटरला त्रास नको म्हणून. घासण्याचं काम मी अजून हाती घेतलंच नव्हतं. रोग्याला आधी थोडा आराम पडू दे, असा माझा विचार.

ती रोज विचारायची, "आज उतरू का?" मी म्हणायचो, "दोन दिवस थांब." खुर्चीत बसून ती पाय मागे ओढायची आणि टाच फरशीच्या कुठल्या रेघेपर्यंत जाते ते बघायची. पहिल्या आठवड्यात टाच जिथे पोचायची, तिथेच ती तिसऱ्या आठवड्यातही अडायची. मी ते बघत होतो. बघत होतो आणि दोन मापं टाकत होतो.

चौथ्या आठवड्यात तिने विचारणं सोडलं. फरशीकडे बघणंही सोडलं. मला वाटलं, बरं झालं, कटकट मिटली. त्या दुपारी आतून तिचा फोनवरचा आवाज आला. दुकानातल्या बाईशी बोलत होती, आणि एकेक सूचना माझ्याच तक्त्याच्या मागे लिहून घेत होती.

"नवा डबा आणा," ती बाहेर येऊन म्हणाली. "आणि ब्रश. लांब दांड्याचा."

"एकदम एवढं घातलं तर—"

"तर काय होईल? शेवाळं मरेल."

ऊन कलल्यावर मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घासायला लागलो. ती खुर्चीवरून हुकूम सोडत होती. "कोपरा राहिला. पायरीच्या खाली. अहो, घासताय की कुरवाळताय?" अंधार पडायच्या सुमारास एकेक बादली मी कडेने ओतत गेलो. दुसऱ्या दिवशी पाणी राखाडी झालं, नंतर दुधट. पाचव्या दिवशी तळाच्या फरशा मोजता आल्या. दुकानातली बाई म्हणाली तसं पाणी तपासून घेतलं, आणि बायको कठडा धरून उतरली. मी काठावर टॉवेल धरून उभा होतो, आणि मला रडू येत होतं.

सहा आठवडे ती एक दिवस न चुकता चालली. मग आम्ही फिजिओबाईंकडे गेलो. त्यांनी गुडघ्याला माप लावलं, पुन्हा लावलं. नव्वद अंशांच्या जरा पुढे. आता फार वाढणार नाही, म्हणाल्या. जिना एकेक पायरीनेच चढावा लागेल, खाली बसता येणार नाही. मग कागद चाळून त्यांनी विचारलं, "पाण्यातलं चालणं महिनाभर उशिरा का सुरू केलं?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "पंप बिघडला होता."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली आणि वर म्हणालो, "हो ना. त्याचा सुटा भागच कुठे मिळेना."