खाऱ्याचं पाणी

आमच्या घरात बागकाम सुरू झालं ते रंगाच्या दोन रिकाम्या बादल्यांमुळे. घर रंगवून झाल्यावर रंगारी त्या तशाच सोडून गेला होता. नवरा म्हणाला, भंगारात देऊ. मी म्हटलं, बुडाला भोकं पाडून दे, झाडं लावते. भांडुपच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीच्या ग्रिलमध्ये, जिथे तोपर्यंत फक्त पायपुसणी वाळत असत, तिथे. मला बागकामातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा सुट्टीच्या दिवशी मोबाइलला चिकटलेले दिसले की माझं डोकं फिरायचं, आणि डोकं फिरलं की मी काहीतरी नवीन सुरू करते.

बियाणं घरातलंच. डब्यातल्या सुक्या मिरच्या फोडून एका बादलीत टाकल्या आणि दुसरीत एक पिकलेला टोमॅटो कुस्करला. मिरची मुलाची, टोमॅटो मुलीचा, अशी वाटणी झाली. मुलगा रोज सकाळी माती उकरून बी उगवलं का ते बघायचा, त्यामुळे त्याची मिरची तीनदा पेरावी लागली. मुलगी माझ्या आईवर गेलेली, चिकाटीची. ती शाळेची पट्टी लावून रोप मोजायची आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायची.

आई कुडाळला असते. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगो, मग माशांचा पाणी मोरीत ओतू नको. झाडाक घाल." हे मला ठाऊक असायला हवं होतं. लहानपणी आमच्या मागल्या दारी मासे धुतलेलं पाणी नेहमी कढीपत्त्याला जायचं, आणि तो कढीपत्ता छपरापर्यंत पोचला होता. तेव्हापासून मीही सुरू केलं. बुधवार, शुक्रवार, रविवार आमच्याकडे मासे असतातच. बांगडे धुतले की पातेलं उचलायचं आणि खिडकीत जाऊन दोन्ही बादल्यांत निम्मं निम्मं ओतायचं. मुलं नाक धरून बघत राहायची. वास यायचा खरा, पण झाडं अशी काही फोफावली की शेजारीण विचारायला आली, कुठलं खत घालतेस गं.

एप्रिलच्या शेवटी टोमॅटोला तीन फळं धरली. हिरवी, गोटीएवढी. पहिला टोमॅटो आपण एकटीने खाणार, कुणाला फोडही देणार नाही, असं मुलीने सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. भावाकडून दोनदा. शाळा सुरू व्हायच्या आत तो लाल व्हायला हवा, एवढंच तिचं म्हणणं होतं. मेच्या शेवटी त्यातल्या एकाला पिवळसर छटा आली तेव्हा ती मला स्वयंपाकघरातून ओढत खिडकीशी घेऊन गेली होती.

आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झाडं मेली.

एका दिवसात नाही, चार-पाच दिवसांत. आधी पानांच्या कडा करपल्या, मग झाड मान टाकून उभं राहिलं, मग तिन्ही टोमॅटो सुरकुतले. मिरचीचीही तीच गत. मला तर धक्काच बसला. पाणी वेळेवर, ऊन तेवढंच, मग एकाएकी झालं काय? वाकून पाहिलं तर मातीवर पांढरा थर. आणि बादलीशेजारी मुलीची साबणाचे फुगे काढायची बाटली, रिकामी.

झालं. माझ्या डोक्यात सगळं जुळलं.

"कुंडीत साबणाचं पाणी ओतलंस?" मी विचारलं.

"नाही."

"मग हे पांढरं काय आहे?"

"मला नाही माहीत."

"बाटली इथे कशी?"

"मी इथे बसून फुगे काढले ना. ते सगळे खाली गेले."

मला ते पटलं नाही. मी आवाज चढवला. खरं सांग, म्हटलं. माझ्याकडे बघून सांग, म्हटलं. दोघांची झाडं मारलीस आणि वर खोटं बोलतेस, असंही म्हटलं. किती वेळ विचारत होते कोण जाणे. मुलगा सोफ्यामागे जाऊन बसला. शेवटी ती म्हणाली, "हो. ओतलं."

"किती?"

"अर्धी बाटली. याच्यात अर्धी आणि त्याच्यात अर्धी."

माझा राग पाण्यासारखा ओसरला. मला चक्क समाधान वाटलं. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "खरं बोललीस ना, म्हणून मी मारत नाही. नेहमी असंच खरं बोलायचं." ती मान हलवून आत गेली. रात्री नवऱ्याला मी हे कौतुकाने सांगितलं. चूक केली पण कबूल तरी केली, म्हटलं. पोरीला वळण लागतंय.

दोन दिवसांनी मासेवाली मावशी आली. जूनमध्ये पावसाळ्यासाठी मासेमारीच्या बोटी बंद झाल्या की तिच्या टोपलीत ताजे मासे नसतात, सुकट, बोंबील आणि खारा बांगडा असतो. आधीच्या आठवड्यात मी तिच्याकडूनच खारे बांगडे घेतले होते. मेलेल्या झाडांच्या बादल्या मी फेकण्यासाठी दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या. त्या बघून ती थबकली, खाली बसली, मातीवरचा पांढरा थर बोटाने उचलला आणि खुशाल जिभेला लावला.

"अगं बाय माझे, मीठ हाय हे! खाऱ्याचं पाणी घातलंस का काय झाडाला?"

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. खारा बांगडा रांधण्याआधी तासभर पाण्यात ठेवावा लागतो, त्याशिवाय तोंडात धरवत नाही. त्या आठवड्यात तीनदा ठेवला होता. तीनदा पातेलं उचललं होतं आणि सवयीने खिडकीत जाऊन ओतलं होतं. निम्मं याच्यात, निम्मं त्याच्यात. माशाचं पाणी ते माशाचं पाणी. बोटी बंद झाल्या, मासा बदलला, हे माझ्या जिभेला कळलं होतं, पण हाताला कळलं नव्हतं.

मावशी हसत हसत गेली. मागे वळले तर दारात मुलगी उभी. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ही रडेल, भांडेल, मला बोलेल. बोलावं असं मला मनापासून वाटत होतं. ती नुसती बादल्यांकडे बघत राहिली.

मी तिच्यासमोर खाली बसले. "तू साबण ओतलाच नव्हतास?"

तिने मान हलवली. नाही.

"मग हो का म्हणालीस?"

"नाही म्हटलं की तू परत विचारत होतीस," ती म्हणाली. "हो म्हटल्यावर थांबलीस."

"आणि अर्धी बाटली?"

"तू किती विचारलंस ना, म्हणून सांगितलं."

तीन टोमॅटो मी मारले होते हे एका बाजूला राहिलं. माझ्याच पोटच्या पोरीने, माझ्याच घरात, माझ्यापासून सुटण्यासाठी न केलेला गुन्हा तपशिलासकट कबूल केला होता, आणि त्याबद्दल मी तिला शाबासकी दिली होती. मी तिची माफी मागितली. अगदी कान पकडून, तिच्या भावासमोर, संध्याकाळी तिच्या बाबांसमोरही. तिने हसून माफ केलं. माती बदलून आम्ही पुन्हा टोमॅटो पेरला, आणि मी स्वतःला समजावलं की मुलं विसरतात.

ऑगस्टमध्ये नवं रोप वीतभर झालं होतं. एका दुपारी मी डाळ निवडत खिडकीसमोर बसले होते. मुलगा चेंडू घेऊन ग्रिलपाशी गेला, त्याचा धक्का लागला आणि रोप मधोमध मोडलं. मी ते डोळ्यांनी पाहिलं. मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. आवाज ऐकून ती धावत बाहेर आली, तिने मोडलेलं रोप पाहिलं, भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी केलं," ती म्हणाली.

मी अजून काही विचारलंही नव्हतं.